नाव, देयक आणि वस्तू : टॉमस चिपेंडेल आणि इंग्लिश महॉगनी फर्निचरच्या कर्तृत्वनिश्चितीची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या कृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला संतवाङ्मयाच्या पाठचिकित्सेतून परिचित आहे. अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा आली, एवढ्यावरून तो अभंग त्या संताचा ठरत नाही. हस्तलिखितांची परंपरा, भाषेचे रूप आणि आशयाची संगती यांच्या आधारे अस्सल कोणते व प्रक्षिप्त कोणते हे ठरवावे लागते. अठराव्या शतकातील इंग्लिश महॉगनी फर्निचरच्या अभ्यासातही याच जातीचा प्रश्न उभा राहतो. मात्र तेथे अडचण अधिक बिकट आहे, कारण बहुसंख्य वस्तूंवर नाममुद्राच नाही. तरीही संग्रहालयांच्या पाट्यांवर आणि लिलावगृहांच्या सूचींत एक नाव सतत आढळते. ते नाव म्हणजे टॉमस चिपेंडेल.

हे नाव वस्तूला कोणत्या पुराव्याने दिले जाते, त्या पुराव्याची प्रत काय आणि त्यातून कोणत्या चुका संभवतात, यांचा चिकित्सक विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शैलीच्या साम्यावरून केलेली कर्तृत्वनिश्चिती ही सर्वांत आकर्षक, परंतु सर्वांत दुर्बळ असते आणि चिपेंडेलच्या बाबतीत तर स्वतः चिपेंडेलनेच ती दुर्बळ करून ठेवली आहे, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपाद्य आहे.

१. महॉगनीचा काळ आणि निनावी वस्तू

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमधील उच्च दर्जाच्या फर्निचरसाठी प्रामुख्याने अक्रोडाचे लाकूड वापरले जात असे. १७२१ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यामुळे अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील आयातकर रद्द झाला आणि जमैकातील महॉगनी इंग्लंडच्या बंदरांत वाढत्या प्रमाणात उतरू लागली. हे लाकूड घट्ट वीणीचे, रुंद फळ्या देणारे, सहसा कीड न लागणारे आणि बारीक नक्षी धरून ठेवणारे होते. खुर्चीच्या पाठीतील जाळीदार कोरीवकाम पातळ असूनही मजबूत राहावे, ही अपेक्षा महॉगनीने पूर्ण केली. शतकाच्या मध्यापर्यंत ती इंग्लिश फर्निचरची ओळख बनली.

या वैभवशाली काळातील कारागीर मात्र आपल्या वस्तूवर नाव कोरत नसे. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून व्यवसायसंघाच्या नियमानुसार उस्ताद कारागिराला आपला शिक्का फर्निचरवर उमटवावा लागे. लंडनमध्ये असे बंधन नव्हते. काही अपवाद आढळतात. जाइल्स ग्रेंडी याची छापील चिठ्ठी काही वस्तूंवर चिकटवलेली सापडते. पावडरहॅम कॅसलमधील पुस्तकांच्या कपाटांवर जॉन चॅनन याचे नाव व १७४० हे वर्ष कोरलेले आहे. लँकेस्टरच्या गिलो या पेढीने शतकाच्या अखेरीस आपला शिक्का वापरण्यास सुरुवात केली. चिपेंडेलच्या पेढीने मात्र अशी पद्धत अवलंबिली नाही. त्यामुळे ज्याचे नाव सर्वाधिक घेतले जाते, त्याच्याच वस्तूंवर ते नाव नाही, असा विरोधाभास निर्माण झाला.

२. ग्रंथाने दिलेली कीर्ती आणि निर्माण केलेला संभ्रम

चिपेंडेलचा जन्म यॉर्कशरमधील ओटली येथे झाला. तेथे ५ जून १७१८ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. १७५४ च्या सुमारास त्याने लंडनच्या सेंट मार्टिन्स लेन या रस्त्यावर आपली पेढी थाटली आणि त्याच वर्षी ‘द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १६० चित्रपट होते. १७५५ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली आणि १७६२ च्या तिसऱ्या आवृत्तीत चित्रपटांची संख्या २०० झाली. एखाद्या फर्निचर-कारागिराने आपल्या व्यवसायाचा एवढा विस्तृत संकल्पनासंग्रह प्रसिद्ध करणे ही इंग्लंडमध्ये नवलाची गोष्ट होती.

या ग्रंथाचे शीर्षकच त्याचा हेतू सांगते. तो ‘जेंटलमन’साठी म्हणजे ग्राहकासाठी होता, तसाच ‘कॅबिनेट-मेकर’साठी म्हणजे समव्यवसायी कारागिरासाठीही होता. पहिल्या आवृत्तीच्या तीनशेहून अधिक वर्गणीदारांत उमराव होते, तसेच सुतार, कोरीवकाम करणारे आणि फर्निचर बनविणारेही होते. दुसऱ्या शब्दांत, चिपेंडेलने आपल्या आकृती स्पर्धकांच्या हाती सोपविल्या. ब्रिटनमधील प्रांतिक गावांपासून अटलांटिकपलीकडील फिलाडेल्फियापर्यंत त्या पोचल्या. अमेरिकेत त्या काळातील स्थानिक फर्निचरलाही ‘चिपेंडेल’ असेच म्हणण्याची रूढी आहे. वास्तविक, त्या वस्तूंचा सेंट मार्टिन्स लेनशी व्यापारी संबंध नव्हता.

यावरून निघणारा तार्किक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. एखादी खुर्ची ‘डायरेक्टर’मधील चित्रपटाशी तंतोतंत जुळते, हे बहुधा ती चिपेंडेलची असल्याचे प्रमाण मानले जाते. परंतु जी आकृती शेकडो कारागिरांना उपलब्ध होती, तिच्याशी असलेले साम्य केवळ एवढेच सांगते की, करणाऱ्याने ग्रंथ किंवा त्यावरून केलेली दुसरी वस्तू पाहिली होती. ग्रंथ प्रसिद्ध झाला नसता, तर हेच साम्य सबळ पुरावा ठरले असते. प्रसिद्धीने कीर्ती वाढविली आणि प्रमाण क्षीण केले.

३. शैलीवरून कर्ता : जुन्या परंपरेची मर्यादा

विसाव्या शतकाच्या आरंभी पर्सी मॅक्वॉइड यांनी इंग्लिश फर्निचरच्या इतिहासाची अक्रोड, महॉगनी अशा लाकडांच्या नावांनी युगे पाडली. ही विभागणी सोयीची होती आणि तिने संग्राहकांना दृष्टी दिली. परंतु तिच्या जोडीने एक सवयही रुजली. प्रत्येक युगाला एक नायक हवा, म्हणून महॉगनीच्या युगाला चिपेंडेल मिळाला. सुबक कोरीवकाम, वळणदार पाय, पंजात धरलेल्या गोळ्यासारखा पायाचा शेवट असे दिसले की त्याचे नाव ओठांवर येऊ लागले. हा पंजा-गोळ्याचा पाय ‘डायरेक्टर’ निघण्यापूर्वीच इंग्लंडमध्ये रूढ होता आणि त्या ग्रंथातील खुर्च्यांत त्याला स्थान नाही, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या सवयीतील भाबडेपणा स्पष्ट होतो.

पुढे उलट टोकही गाठले गेले. १९२९ मध्ये फिस्क किंबल आणि एडना डॉनेल यांनी ‘डायरेक्टर’मधील आकृतींचे खरे निर्माते मॅथायस लॉक आणि हेन्री कोपलंड होत, असे मत मांडले. नंतरच्या अभ्यासकांनी ते स्वीकारले नाही. तथापि या वादातून एक धडा मिळतो. सर्व श्रेय एका नावाला देणारा आणि तेच श्रेय दुसऱ्या नावाकडे वळविणारा, हे दोघेही रेषेच्या वळणावरूनच निवाडा करीत होते.

विल्यम व्हाइल याचे उदाहरणही उद्बोधक आहे. राणी शार्लटसाठी त्याने केलेले पुस्तकांचे कपाट (१७६२) व दागिन्यांची पेटी (१७६१) यांना देयकांचा आधार आहे. परंतु लंबगोलाकार कोरीव माळ ही त्याची खूण मानून ती जेथे दिसेल तेथे त्याचे नाव जोडले गेले. पुढे ती माळ इतर कारागिरांच्या कामातही आढळत असल्याचे लक्षात आले आणि ही यादी डळमळीत झाली. येथे घडलेला दोष चक्रीय तर्काचा आहे. एका वस्तूला अंदाजाने नाव मिळते, मग तीच वस्तू दुसरीचे प्रमाण बनते आणि दुसरी तिसरीचे. साखळी लांबत जाते, पण तिची पहिली कडी कशालाच बांधलेली नसते.

४. देयकाकडून वस्तूकडे

चिपेंडेलच्या पेढीच्या स्वतःच्या हिशेबवह्या आज उपलब्ध नाहीत. त्याच्या कामाची माहिती मिळते ती ग्राहकांच्या घराण्यांनी जपलेल्या देयकांतून, पत्रांतून व खर्चाच्या नोंदींतून. ही साधने एकत्र करून ख्रिस्तोफर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये चिपेंडेलच्या जीवनकार्यावरील द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाने अभ्यासाची दिशा बदलली. ‘ही वस्तू कोणाची वाटते?’ या प्रश्नाच्या जागी ‘या देयकातील वस्तू कोठे आहे?’ हा प्रश्न आला.

या पद्धतीचे फलित पाहण्यासारखे आहे. यॉर्कशरमधील नॉस्टेल प्रायरी येथे सर रोलंड विन यांच्यासाठी केलेले महॉगनीचे ग्रंथालयातील मोठे टेबल १७६७ च्या देयकात ७२ पौंड १० शिलिंग या किमतीसह नोंदले आहे. देयक आहे, घर आहे आणि टेबलही त्याच घरात आहे. तीन गोष्टी जुळल्या म्हणजे संशयाला जागा उरत नाही. त्याच नॉस्टेलसाठी पेढीने स्वयंपाकघरात मांस तोडण्याकरिता एल्म लाकडाचा भक्कम ठोकळाही पुरविला होता. शैलीच्या पारख्याने त्या ठोकळ्यात चिपेंडेल कधीच ओळखला नसता. याउलट, फितीच्या गुंफणीसारखी पाठ असलेली नक्षीदार खुर्ची त्याने निःशंकपणे चिपेंडेलची ठरविली असती. देयकाच्या न्यायाने मात्र ठोकळा अस्सल आणि निराधार खुर्ची अनिर्णीत आहे.

दुसरे उदाहरण हेअरवुड हाउसचे. एडविन लॅसल्स यांच्यासाठी १७६७ पासून केलेल्या या कामात डायना व मिनर्वा यांच्या आकृती जडविलेला खणांचा ठेवणीचा बैठा कपाट-प्रकार आहे. १७७३ मध्ये त्याची किंमत ८६ पौंड लावली गेली. ही वस्तू नवअभिजात वळणाची आहे. ‘डायरेक्टर’च्या लहरी, वळणदार आकृतींशी तिचे नाते दिसत नाही. म्हणजे ज्याला आज सर्रास ‘चिपेंडेल शैली’ म्हटले जाते, तिच्या कसोटीवर स्वतः चिपेंडेलचे उत्कृष्ट काम बाद ठरावे! शैलीची कसोटी किती एकांगी आहे, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

तथापि देयकालाही मर्यादा आहेत. ‘महॉगनीच्या आठ खुर्च्या’ एवढीच नोंद असेल आणि घरात तीन वेगवेगळ्या संचांतील खुर्च्या असतील, तर नोंद कोणाची हा प्रश्न राहतोच. वारसाहक्क, विवाह आणि विक्री यांमुळे वस्तू घर बदलतात. शिवाय देयक बनविणाऱ्याचे नाव सांगते, कल्पना कोणाची हे सांगेलच असे नाही. सर लॉरेन्स डंडास यांच्यासाठी केलेल्या सोनेरी मुलाम्याच्या आठ मोठ्या खुर्च्यांचे १६० पौंडांचे १७६५ चे देयक चिपेंडेलच्या नावे आहे, पण त्यांची आकृती वास्तुविशारद रॉबर्ट ॲडम यांची आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कागद जपून ठेवण्याचे सामर्थ्य मोठ्या घराण्यांकडे होते. मध्यमवर्गीय ग्राहकाने घेतलेल्या साध्या महॉगनीच्या टेबलाचा कागद कधीच नष्ट झाला. त्यामुळे चिपेंडेलच्या पेढीतून निघालेल्या कितीतरी वस्तू आज निनावी असणार, हे मान्य करावे लागते.

५. वस्तूची साक्ष

कागद नसेल तेथे वस्तूच्या अंतरंगाची तपासणी करावी लागते. चिपेंडेलच्या म्हणून सिद्ध झालेल्या फर्निचरमध्ये काही कार्यशाळीय सवयी वारंवार आढळतात. बैठकीच्या चौकटीच्या आतील कडेला सरस वाळेपर्यंत शिकंजा बसविण्यासाठी पाडलेल्या खाचा, वाहतुकीसाठी पट्ट्या ठोकताना राहिलेली भोके, न दिसणाऱ्या तळभागावर दिलेला तांबूस रंगाचा हात, अनेक तुकडे एकावर एक चिकटवून केलेले पायाचे ठोकळे या त्यांपैकी काही होत. ही लक्षणे ग्राहकाला दिसण्यासाठी नव्हती, म्हणून त्यांची नक्कल करण्याचे कारण समकालीन कारागिराला नव्हते. या दृष्टीने ती नक्षीपेक्षा अधिक विश्वसनीय आहेत. परंतु ती एकट्या चिपेंडेलची मक्तेदारी नव्हती. कारागीर एका पेढीतून दुसऱ्या पेढीत जात आणि हाताच्या सवयी बरोबर नेत. म्हणून एक लक्षण पुरेसे नाही. अनेक लक्षणांचा समुच्चय, तोही सिद्ध वस्तूशी ताडून पाहिलेला, असेल तरच त्याला वजन येते.

भौतिक तपासणीचे खरे सामर्थ्य नाव देण्यात नसून नाव नाकारण्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिपेंडेलच्या शैलीचे पुनरुज्जीवन झाले आणि विपुल प्रतिकृती तयार झाल्या. गोल करवतीच्या वक्र खुणा, यंत्रावर कापलेले टोकदार स्क्रू, यंत्राने काढलेला अतिपातळ व्हिनियर ही उत्तरकालाची चिन्हे होत. साध्या जुन्या वस्तूवर नंतर नक्षी कोरून तिची किंमत वाढविण्याचे प्रकारही झाले. मूळ नक्षीसाठी कारागीर आरंभीच जाड लाकूड राखून ठेवतो, त्यामुळे ती पृष्ठभागाच्या वर उठून येते. नंतर कोरलेली नक्षी पृष्ठभागात खाली रुतलेली दिसते. लाकडाच्या जातीची तपासणी उपयुक्त असली तरी तिच्यावरून कारागीर ठरत नाही, कारण लंडनमधील पेढ्या एकाच बाजारातून लाकूड घेत होत्या.

६. ‘चिपेंडेल’ म्हणजे कोण?

आतापर्यंतच्या विवेचनात ‘चिपेंडेलचे फर्निचर’ हा शब्दप्रयोग गृहीत धरला आहे. त्याचीही चिकित्सा होणे अगत्याचे आहे. १७५५ मध्ये चिपेंडेलच्या कार्यशाळेला आग लागली, तेव्हा २२ कामगारांच्या हत्यारांच्या पेट्या जळाल्या. म्हणजे आरंभीच्या काळातही तेथे किमान एवढे हात काम करीत होते. चिपेंडेल हा संकल्पक, ठेकेदार व व्यवस्थापक होता. जेम्स रॅनी व नंतर टॉमस हेग हे त्याचे भागीदार होते. १७७९ मध्ये त्याच्या निधनानंतर त्याच नावाच्या मुलाने पेढी पुढे चालविली. तेव्हा अमुक खुर्ची चिपेंडेलने ‘घडविली’ असे विधान अक्षरशः घेता येत नाही. ती त्याच्या पेढीतून बाहेर पडली, एवढेच म्हणणे शक्य आहे. त्या २२ पेट्यांच्या मालकांपैकी नक्षी कोणी कोरली व सांधे कोणी बसविले, हे पाटीवर येत नाही.

निनावीपणाची ही साखळी आणखी मागे जाते. जमैकाच्या जंगलात महॉगनीची झाडे तोडून ओंडके किनाऱ्यापर्यंत आणण्याचे कष्ट गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांनी उपसले. हेअरवुडच्या लॅसल्स घराण्याची संपत्ती बार्बाडोसशी निगडित व्यापारातून आली होती. चिपेंडेलचे दुसरे ग्राहक, पॅक्स्टन हाउसचे निनियन होम, ग्रेनाडातील मळ्यांचे मालक होते. भारताचाही या कथेत एक धागा आहे. नट डेव्हिड गॅरिक यांच्या चिपेंडेलकृत मानल्या जाणाऱ्या पलंगाचे पडदे मच्छलीपट्टणच्या छापील-रंगीत सुती कापडाचे होते. १७७५ मध्ये जकात अधिकाऱ्यांनी ते कापड जप्त केले होते. हा पलंग आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. लाकूडकामासाठी नाव शोधले जाते, पण कापड रंगविणाऱ्या हातांना नाव मिळालेले नाही. कर्तृत्वनिश्चिती ही केवळ ज्ञानाची क्रिया नसून कोणाची आठवण ठेवायची हे ठरविणारी क्रियाही आहे, असे म्हणावे लागते.

७. बाजार आणि पुरावा

नावाने किंमत वाढते आणि किमतीने नाव देण्याचा मोह वाढतो. म्हणून लिलावसूचीतील शब्दयोजना बारकाईने वाचावी लागते. ‘चिपेंडेलकृत’, ‘चिपेंडेलकृत मानले गेलेले’ आणि ‘चिपेंडेलच्या शैलीतील’ या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांच्यात पुराव्याचे मोठे अंतर आहे. सामान्य बोलण्यात मात्र तिन्ही पायऱ्या एकच होऊन जातात.

स्कॉटलंडमधील डमफ्रीज हाउसचा प्रसंग या संदर्भात विचारप्रवर्तक आहे. पाचव्या अर्ल ऑफ डमफ्रीजने १७५९ पासून या घरासाठी चिपेंडेलकडून फर्निचर घेतले. फर्निचर व त्याचे कागद ही दोन्ही टिकून राहिली. २००७ मध्ये या वस्तू लंडनला लिलावात निघणार होत्या. परंतु प्रिन्स ऑफ वेल्स (आताचे राजे चार्ल्स) यांच्या पुढाकाराने ४५ दशलक्ष पौंडांना घर, जमीन व फर्निचर एकत्र विकत घेतले गेले. या घटनेकडे केवळ वारसाप्रेम म्हणून पाहता येत नाही. वस्तू विखुरल्या असत्या तरी त्या सुंदरच राहिल्या असत्या. परंतु घर, देयक आणि वस्तू यांचा त्रिकोण तुटला असता, आणि जिच्याशी ताडून इतर निनावी वस्तू तपासता येतात, अशी मोजपट्टीच जागेवरून हलली असती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘डायरेक्टर’शी असलेले साम्य हे चिपेंडेलच्या कर्तृत्वाचे प्रमाण नसून त्याच्या प्रभावाचे प्रमाण आहे.

२) समकालीन देयक, मूळ स्थान आणि प्रत्यक्ष वस्तू यांची जुळणी हा सर्वांत सबळ पुरावा होय. कार्यशाळीय लक्षणे त्याला पूरक आहेत, पर्यायी नाहीत.

३) भौतिक परीक्षणाने कर्ता सिद्ध होण्यापेक्षा खोटा दावा खोडला जाण्याची शक्यता अधिक असते.

४) अंदाजाने नाव मिळालेली वस्तू दुसऱ्या वस्तूसाठी आधार म्हणून वापरणे सदोष आहे.

५) ‘चिपेंडेल’ हे व्यक्तीपेक्षा पेढीचे नाव म्हणून वाचले पाहिजे.

ब्रिटन व आयर्लंडमधील फर्निचर-कारागिरांची २०१७ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन सूची हे या दिशेचे स्वागतार्ह पाऊल आहे, कारण तिच्यामुळे प्रसिद्ध नावांच्या शेजारी अप्रसिद्ध नावेही शोधता येतात. ‘कर्ता अज्ञात’ अशी पाटी लावणे संग्रहालयाला कमीपणाचे वाटण्याचे कारण नाही. पुरावा जेथे थांबतो तेथे थांबणारी पाटी वाचकाशी प्रामाणिक असते. उलट, उसन्या नावाखाली ठेवलेली वस्तू आपल्या खऱ्या कर्त्याला, मग तो कितीही सामान्य असो, कायमची मुकते.